फुग्यावरची दाढी

अर्धांगाच्या झटक्यानं उजवा हात गेला तेव्हा माझा हा मित्र माझ्याच वयाचा, ऐन तिशीतला होता. दुकान मामाचं, म्हणून सगळे त्याला भाचाच म्हणत. पूर्वी तो ऐटीत सांगायचा, "दाढी ना? माझ्या डाव्या हाताचा मळ." झटक्यानंतर ते वाक्य त्याच्यासमोर कोणी काढलं नाही.

लहानपणी शिकवलं होतं तसं मामानं पुन्हा सुरू केलं. रोज दुकान उघडण्याआधी खुर्चीच्या पाठीला एक फुगा बांधायचा, त्याला फेस फासायचा आणि भाच्यानं डाव्या हातानं वस्तरा फिरवायचा. फुगा फुटायचा. आरशावर फेस उडायचा. भाचा मुकाट्यानं पुसून घ्यायचा.

मामानं स्वतःची दाढी करणं सोडलं. "हात बसला की पहिली माझी."

दाढी छातीकडे निघाली तशी गिऱ्हाइकं चेकाळली.

"मामा, न्हाव्याच्याच तोंडावर रान? दुकान चालायचं कसं?"

"भाच्याची ठेव आहे ती. वाढू दे."

हळूहळू फुगे फुटेनासे झाले. एका सकाळी मामा खुर्चीत बसला, मान मागे टाकली. "गाल मी ताणून धरतो. तू चालव." भाच्यानं वस्तरा उघडला. मामाच्या गळ्याची शीर उडत होती. त्यानं वस्तरा मिटला.

"उद्या करू, मामा."

"अरे, फुग्याला नरडं नसतं. त्याच्यावर किती दिवस शिकशील?"

"उद्या नक्की."

असे बरेच उद्या गेले. फुगा रोज शाबूत राहायचा. मामा रोज दाढीसकट खुर्चीतून उठायचा.

परवा मामा झोपेतून उठलाच नाही.

मी पोहोचलो तेव्हा त्याला बाहेरच्या खोलीत आडवं केलं होतं. मामी म्हणाली, "असं पाठवायचं नाही त्यांना. कर बाबा तू."

भाच्यानं आधी कात्री चालवली, मग फेस लावला. माझ्याकडे पाहिलं. मी बसलो आणि मामाचा गार गाल दोन बोटांनी ताणून धरला. वस्तरा गालावरून उतरला, हनुवटीखाली वळला, नरड्यावरून गेला. कुठेही अडला नाही. एक ओरखडा नाही.

त्यानं ओल्या फडक्यानं चेहरा पुसला, तुरटी फिरवली. मग सवयीनं पेटीतला लहान आरसा काढून मामासमोर धरला.

मामीनं तोंड फिरवलं. आरसा तसाच होता, आणि तो धरणारा हात जरासुद्धा हलत नव्हता.