एक पाळक, दोन गावं

औरंगपुऱ्याजवळच्या चर्चमध्ये जिल्ह्यातल्या बाप्टिस्ट मंडळ्यांच्या संघाची वार्षिक सभा होती. नेमायला मोकळा पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, एकच होता आणि मागणी दोन गावांची होती, आमच्या शेंद्र्याची आणि देवगाव रंगारीची. निर्णय मतदानानं व्हायचा होता.

देवगावहून साठीची एक बाई एकटीच आली होती. सकाळपासून ती भिंतीला टेकून सुजलेले पाय चोळत बसली होती. अध्यक्षांनी बोलायला सांगितलं, तशी ती सावकाश उठली.

"पाळक शेंद्र्याला द्या. त्यांच्यात लेकरं हायेत. आमी सात म्हातारी माणसं, बायबलातलं वचन वाचून भागवतो."

मतदानाची गरजच उरली नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या.

जेवताना मी तिच्या शेजारी बसलो. "मावशी, तुमच्यात वाचतं कोण?"

"मीच. बाकी कुणाला येत नाय." डोळ्याला पदर लावत ती म्हणाली, "अन् मला आता अक्षरं दिसंना झालीत. पाठ हाय तेवढं सांगते. त्यांना वाटतं, वाचतेच हाय."

"मग पाळक सोडला कशाला?"

"दरसाल मागायला येते, बाबा. मागून मागून लई दमले."

मी उठून अध्यक्षांना हे सांगू शकलो असतो. मी ताटातला भात संपवला आणि पाळकांच्या सामानासाठी टेम्पो ठरवायला गेलो.