पेन्सिलीवरचे पन्नास वेढे

मीटरच्या कारखान्यात मी कॉइल गुंडाळायची. केसासारखी बारीक तांब्याची तार आणि काडेपेटीहून लहान ॲल्युमिनियमची चौकट. तिला फॉर्मर म्हणायचे. तार गुंडाळलेली ही चौकट चुंबकाच्या फटीत फिरली की मीटरचा काटा हलतो. फॉर्मरची मापं काढणारा साहेब शहरातल्या महाल भागातला, डिप्लोमावाला. मी उमरेडच्या विणकराची लेक.

नव्या मीटरच्या कॉइली चुंबकाला घासू लागल्या, तेव्हा साहेबानं सरळ माझ्यावर ढकललं. "बाईंचा हात ढिला आहे." मालकानं बजावलं, खरेदीदारांच्या तपासणीत काटा अडकला तर दुसऱ्या दिवशीपासून येऊ नको. बाबांचा माग बंद पडला होता, घर माझ्या पगारावर चालायचं. मी साहेबाला म्हटलं, फॉर्मरच्या मापाचा हिशेब एकदा पाहता का? तो सगळ्यांसमोर हसला. "तुम्ही गुंडाळा. मोजायचं काम माझं." अंगाची नुसती लाहीलाही झाली.

सुताची जाडी बाबा काडीवर गुंडाळून बघायचे. जेवणाच्या सुट्टीत मी पेन्सिलीवर तारेचे पन्नास वेढे एकाला एक खेटून घातले आणि पट्टी लावली. साहेबानं नुसत्या तांब्याची जाडी धरली होती, वरचं वार्निश विसरला होता. त्याच्या हिशेबानं एका थरात तीस वेढे, बसायचे सव्वीस. उरलेल्यांचा वर जादा थर चढायचा आणि तोच घासायचा. सांगायला उठले होते, पुन्हा बसले. म्हटलं, थांब, तुला दाखवतेच.

तपासणीच्या दिवशी खरेदीदारांपुढे कॉइल गुंडाळायला बसत मी म्हटलं, "साहेब, माहा हात ढिला आहे ना? मंग बाजूले बसा, एकेक थर दाबून पाहा अन् सही करा." चारचौघांत त्याला नाही म्हणता येईना. प्रत्येक थर घट्ट निघाला, प्रत्येकाला त्याची सही. कॉइल मीटरमध्ये बसवली. काटा अर्ध्यात अडकला.

मालक माझ्याकडे वळला. मी सह्यांचा कागद सरकवला, त्यावर पेन्सिल ठेवली. "पन्नास वेढे आहेत. मोजा."

मालकानं साहेबालाच पट्टी लावून मोजायला लावलं. वार्निशासकट जाडी धरली तर थरात सव्वीसच वेढे बसत होते. त्याचे कान लाल झालेले पाहून मला इतकं बरं वाटलं, काय सांगू. दया म्हणून आली नाही.

जिन्यात त्यानं गाठलं. एरवी पुस्तकी बोलणारा, म्हणाला, "तुले ठाऊक होतं तं आधी काहून नाही सांगितलं वं?"

"मोजायचं काम तुमचं ना, साहेब."

नवीन फॉर्मरच्या मापासाठी तीच पेन्सिल त्याला लागली. दिली मी, पण दोनदा मागायला लावून.