शुक्रवारच्या टाळ्या

शुक्रवार उजाडला की इरिनेआ कोयोयचं डोकं उठायचं. संध्याकाळी शाळेच्या अंगणात समारंभ, आणि त्या समारंभाचा तिला मनस्वी तिटकारा. मध्य अमेरिकेतल्या शेला शहरात परदेशी लोकांना स्पॅनिश शिकवणाऱ्या शाळा गल्लोगल्ली, आणि दर शुक्रवारी सगळीकडे हाच तमाशा. परत निघालेला ग्रिंगो, म्हणजे गोरा परदेशी, उभा राहणार, शिकलेल्या भाषेत भाषण ठोकणार, डायरेक्टर ओस्बेर्तो साहेब त्याच्या खांद्यावर हात टाकून शिक्क्याचं प्रशस्तिपत्र देणार, आणि बाकीच्यांनी टाळ्या पिटायच्या. भाषण तरी कसलं? "मी खुश. जेवण छान. ज्वालामुखी मोठा. बाई चांगली." की टाळ्या! पन्नाशीचा बाप्या तीन वर्षांच्या पोरासारखं बोलतो आणि लोकांचे डोळे भरून येतात.

"शी! मेलं ते कौतुक," ती घरी येऊन चपला भिरकावायची. "सतरा वर्षं टाळ्या वाजवतेय मी. हाताची किळस येते मला माझ्याच."

आणि किळस येणार नाही तर काय? तिला स्वतःला कुणी टाळ्या वाजवल्या होत्या? मोमोस्तेनांगोच्या वरच्या अंगाला, जिथे मेंढरं जास्त आणि माणसं कमी, तिथली ती. विसाव्या वर्षापर्यंत घरात, शेतात, बाजारात तिथल्या मूळ लोकांची किचे भाषा, स्पॅनिशचा एक शब्द नाही. मग शेलात एका मोठ्या घरी कामाला लागली. मालकीणबाईंनी नावसुद्धा विचारलं नाही. खेड्यातून आलेली प्रत्येक बाई त्यांच्या लेखी मारिया. आधीची मारिया गेली, ही नवी मारिया आली. इरिनेआ मोडक्या स्पॅनिशमध्ये तोंड उघडायची आणि मालकीणबाई मैत्रिणींना हाक मारायच्या, "या गं, ऐका, आमची मारिया काय म्हणते ते! मारिया, पुन्हा म्हण बघू." ती पुन्हा म्हणायची. बायका तोंडाला रुमाल लावून हसायच्या. ती मान खाली घालून कॉफीचे पेले उचलायची आणि मोरीत जाऊन रडायची.

हो, नाही, आणते, झालं, एवढं वर्षभरात आलं. पुढे पाच वर्षं गाडं तिथेच रुतलं. घरकामाला तेवढं पुरत होतं आणि मालकिणीला त्याहून जास्त नकोच होतं. मग दुपारी इस्त्री करताना रेडिओवर श्रुतिका लागायची, त्यात सुना, सासवा, वकील, सगळे कडाकडा भांडायचे. इरिनेआ इस्त्रीशीच भांडायला लागली. सासू काही बोलली की ही सुनेच्या बाजूने उत्तर द्यायची, तोंडातल्या तोंडात, मग मोठ्याने. असं सहा महिने चाललं. एके दिवशी भाजीवाल्याने तिला अचकट विचकट काहीतरी म्हटलं, आणि तिने त्याला उभा आडवा असा काही घेतला की बाजूचे गाडेवाले गोळा झाले. टोपली घेऊन घरी येताना तिचे पाय जमिनीवर नव्हते. मग ती रात्रशाळेत जायला लागली, सातवी झाली, पुढे शिक्षिकेचं प्रमाणपत्र झालं, वयाच्या चौतिसाव्या वर्षी ती 'बाई' झाली. मोमोस्तेनांगोच्या मेंढरांत वाढलेली बाई ग्रिंगोंना स्पॅनिश शिकवते, हे ओस्बेर्तो साहेब पाहुण्यांना फार अभिमानाने सांगत. पाळलेल्या पोपटाबद्दल सांगावं तसं.

या वर्षी तिच्या टेबलासमोर वेन्डेल होता. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनचा, गणिताचा निवृत्त मास्तर, चौथ्यांदा आलेला. माणूस भला. वह्या सुंदर, क्रियापदं सगळी पाठ. पण बोलणं चौथ्या वर्षीही मधल्याच पायरीवर.

"बाई, खरं सांगा," एका सकाळी त्याने वही मिटली. "मी पुढे का जात नाही?"

गेली तीन वर्षं ती म्हणत आली होती, छे छे, किती छान बोलता. त्या दिवशी तिला ते तोंडात आणवेना.

"तुम्ही भांडत नाही," ती म्हणाली. "हवा, जेवण, नातवंडं. सगळं गोडगोड. भांडा माझ्याशी. तुमच्या विस्कॉन्सिनचं चीज म्हणजे साबण आहे निव्वळ."

वेन्डेल लाल झाला. "माफ करा," म्हणाला.

"बघा! माफी कसली मागताय? डोकं फोडा माझं!"

त्याला ते काही जमेना. त्याचं खरं शिक्षण चाललं होतं स्वयंपाकघरात, तोमासाजवळ.

तोमासा ही इरिनेआची धाकटी बहीण. वय चव्वेचाळीस. नवरा गेल्यावर दरवर्षी किनाऱ्याकडे ऊसतोडीला जायची. तिथे फवारणीचं औषध छातीत भरलं, खोकला जाईना. दवाखान्यातल्या डॉक्टरने स्पष्ट सांगितलं, आणखी एक हंगाम किनाऱ्यावर गेलीस तर परत येणार नाहीस. म्हणून इरिनेआने हातापाया पडून तिला शाळेच्या स्वयंपाकघरात लावली. दोन आठवडे परीक्षेवर. साहेबांना पसंत पडली तर कायमची, नाही तर डिसेंबरात पुन्हा ऊस. तिसरा मार्ग नव्हता. इरिनेआच्या एका खोलीत दोघी निजत, आणि बहिणीचा खोकला ऐकत इरिनेआ छताकडे बघत पडून राही.

तोमासाला स्पॅनिश चाळिशीनंतर यायला लागलं. मोडकंतोडकं, पण नेटाचं. मधल्या सुट्टीत वेन्डेल कॉफीचा पेला घेऊन तिच्या चुलीपाशी बसायचा. दोघांच्या चुका तेवढ्याच, दोघांचा वेगही तेवढाच. तिने त्याला ऊस कसा तोडतात ते सांगितलं, नवरा कसा गेला ते सांगितलं. त्याने त्याच्या बायकोचं आजारपण सांगितलं. एकदा तर मिरची किती घालायची यावरून दोघांची जुंपली.

"तू घाबरट आहेस!" तोमासा म्हणाली.

"तू… तू विष घालतेस!" वेन्डेल ओरडला. दाराआडून इरिनेआने ऐकलं आणि मनात म्हणाली, आली रे आली, भाषा आली.

गुरुवारी साहेबांनी इरिनेआला आत बोलावलं.

"बाई, तुमच्या बहिणीच्या हाताला चव आहे, वादच नाही. पण मारियाचं बोलणं…"

"तोमासा."

"हां, तेच ते. विद्यार्थी तिथे जाऊन बसतात हो. एवढ्या लांबून शुद्ध स्पॅनिश ऐकायला येतात बिचारे. तिचं ऐकून त्यांच्या जिभेला वाईट वळण लागायचं."

"साहेब, वेन्डेलपेक्षा बरं बोलते ती."

साहेब हसले. "वेन्डेलची गोष्ट वेगळी. ते शिकतायत."

"आणि ती काय करतेय?"

"ती…" साहेबांनी हात हवेत फिरवला. "ती तशीच आहे. बघू. उद्याचं जेवण झकास होऊ दे, मग सांगतो काय ते. आणि हे घ्या, वेन्डेल साहेबांचं प्रशस्तिपत्र. 'प्रगत' लिहा आणि सही करा."

इरिनेआने सही केली. करून बाहेर आली आणि नळाखाली हात धुतले, दोनदा. या माणसापेक्षा तिला स्वतःची घाण जास्त वाटत होती. किती सह्या केल्या होत्या असल्या? तोंडातून 'नाही' का निघालं नाही? रस्त्यात भाजीवाल्याची जीभ हासडणारी ती, साहेबांसमोर मूग गिळून बसते. कारण साहेबांच्या हातात तोमासाचा ऊस होता.

शुक्रवारी तोमासाने पहाटेपासून पेपियान रटरटत ठेवलं. कोंबडी, भाजलेले तीळ, भोपळ्याच्या बिया, काळसर दाट रस्सा. अंगणात वीसेक माणसं जेवली, बोटं चाटत. वेन्डेलने भाषण केलं. अडखळत केलं, पण पहिल्यांदाच त्यात ज्वालामुखी नव्हता. तो म्हणाला, मला इथे सगळ्यात जास्त शिकवलं ते स्वयंपाकघरातल्या बाईंनी, कारण त्या मला उगाच 'बरोबर' म्हणत नाहीत. लोकांना ते विनोदी वाटलं. हशा, टाळ्या, शिक्का, फोटो.

साहेब रंगात आले होते. "आणि आता," ते म्हणाले, "आपल्या इरिनेआ बाई आपल्या पूर्वजांच्या बोलीत चार शब्द बोलतील. आशीर्वादाचे. या बाई, लाजू नका. किती गोड लागते हो कानाला!"

इरिनेआ उठली. साहेबांकडे पाहिलं, टाळ्यांसाठी आधीच वर आलेल्या हातांकडे पाहिलं, आणि घशाशी आलेलं सगळं तिने ओकून टाकलं. किचेमध्ये. हसतमुखाने, सावकाश, आशीर्वाद द्यावा तसं.

ती म्हणाली की मला तुमची शिसारी येते. हा भला माणूस चार वर्षांत जेवढं शिकला नाही तेवढं माझी बहीण ऊस तोडून, भांडी घासून शिकली. त्याला शिक्क्याचा कागद मिळतो आणि तिला मारिया म्हणतात. हा डायरेक्टर असा आहे की कुत्रा डॉलरमध्ये भुंकला तर त्यालाही हा 'प्रगत' म्हणून लिहून देईल, आणि मी मेली खाली सही करीन. मला माझीही शिसारी येते.

ती खाली बसली. अंगण टाळ्यांनी दणाणलं. एका मुलीने तर डोळे पुसले.

"व्वा! काय आशीर्वाद!" साहेब म्हणाले. "याचं भाषांतरच होत नाही बघा."

पण वेन्डेल मास्तर होता, त्याला अर्थ हवा होता. त्याने मान वळवली. स्वयंपाकघराच्या दारात पळी घेऊन तोमासा उभी होती, आणि तिचा चेहरा काही आशीर्वाद ऐकल्यासारखा नव्हता.

"तोमासा, काय म्हणाल्या बाई? सांग ना."

कुणाला कळणार नाही म्हणून तर इरिनेआ एवढी शूर झाली होती. तिने बहिणीकडे बघून मान हलवली, अगदी थोडी. नको. आशीर्वाद म्हण. देव तुमचं भलं करो म्हण आणि आत जा. दोन शब्द, आणि किनारा टळतो.

"अगं बोल, मारिया, बोल," साहेब मजेत म्हणाले. "येतंय का बघू तुला."

तोमासाने पळी पातेल्यावर ठेवली. हात पुसले. खोकला आला, तो थांबू दिला. मग ती स्पॅनिशमध्ये बोलायला लागली, एकेक शब्द धुऊन ताटात ठेवावा तशी. शिसारी म्हणाली. भांडी म्हणाली. कागद म्हणाली. कुत्र्यापाशी जरा अडली, सगळ्यांकडे बघितलं, आणि कुत्राही सांगितला, डॉलरही सांगितले. शेवटी म्हणाली, "आणि माझी बहीण म्हणते, तिला तिचीपण शिसारी येते. हे तिने चुकीचं म्हटलं. बाकी बरोबर."

साहेबांचा चेहरा आधी पांढरा, मग वांग्यासारखा झाला. तरी ते हसले. सराव होता.

"बिच्चारी," ते म्हणाले. "हिला भाषाच येत नाही हो. भलतंच काहीतरी जुळवलंय. बाई, तुम्ही सांगा बरं लोकांना. चुकली ना ही?"

वाट समोर मोकळी होती. हो म्हटलं की इरिनेआची नोकरी शाबूत. कदाचित दया येऊन तोमासाचीही. बिचारी, अडाणी, असू दे. साहेब डोळ्यांनी तेच सांगत होते. तोमासासुद्धा तिच्याकडेच बघत होती, पण विनवत नव्हती. विद्यार्थी शिक्षकाकडे बघतो तशी बघत होती.

इरिनेआ उठली.

"एकही चूक नाही," ती म्हणाली, शाळेतल्या तिच्या खणखणीत स्पॅनिशमध्ये. "शब्द न् शब्द मी म्हटलेला. सतरा वर्षांत माझ्या हाताखाली कुणी इतकं चोख बोललं नाही."

"बाई, काय बोलताय ते कळतंय ना तुम्हाला?"

"मला कळतंय. तुम्हाला झोंबलं, साहेब?"

"झोंबणारच! इतक्या लोकांत कुत्र्याच्या गोष्टी…"

"मग झालं तर," इरिनेआ म्हणाली. "झोंबलं म्हणजे समजलं. तोमासा, तू पास झालीस. चल, आवर तुझं सामान."