राहेलकाकू अकोला सोडणार नाहीत!

मंडळी, आत्ताच राहेलकाकूंच्या घरून आलो. लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आमच्या गल्लीत ज्यू घर एकच, काकूंचं. सकाळी पाहतो तर कुणीतरी त्यांच्या दारावर डांबरानं ‘यहुदी, चालते व्हा’ लिहिलेलं. चौकटीवरचा मेझुझा, म्हणजे त्यांच्या प्रार्थनेची डबी, उखडून ओट्यावर फेकलेला. काकू मुंबईच्या भाच्याकडे जायला बॅग भरत होत्या.

शेजारचे शकीलभाई डांबर पुसायला रॉकेल अन् चिंध्या घेऊनच आत शिरले.

"काकू, बॅग ठेवा खाली. तुमी कावून जाता? ज्यानं केलं त्याले लाज वाटली पाह्यजे!"

दुपारपर्यंत दार घासून लख्ख झालं. मी तक्रार द्यायला निघालो, तर अर्धी गल्ली ठाण्यात सोबत आली. काकूंनी मेझुझा डोळ्यांना लावला आणि शकीलभाईंनी तो पुन्हा चौकटीवर ठोकला.

आज शुक्रवार, त्यांच्या शब्बाथची, म्हणजे आठवड्याच्या पवित्र विश्रांतीच्या दिवसाची, संध्याकाळ. काकूंनी दार सताड उघडं ठेवून दिवे लावले. माझी आई, शकीलभाईंच्या नसीमाभाभी, सगळे ओट्यावर दाटीनं बसलेले.

त्याआधीच काकूंनी भाच्याला फोन करून टाकला होता: "मी नाई येत रे. तूच ये इकडं, अन् माही माणसं पाहून जा!"

तुमच्या गल्लीतही असं एकटं घर असेल ना? शेवटचं कधी गेलात त्यांच्याकडे?