कृष्णाआक्काचं धोपाटणं

पिरनवाडीत आमच्या शेजारी रोज सकाळी मारामारी चालायची. धप्प, धप्प आवाज, आणि वर कृष्णाआक्काचा खणखणीत गळा: "मार गं! हात मोडलाय व्हय तुजा? आनि मार!" मी नवीनच राहायला आले होते. गॅसवरचं दूध तसंच टाकून धावले. बघते तर खाटेवर आक्काची धाकटी जाऊ, सुंदराबाई. अंगावरून वारं गेल्याने उजवी बाजू लुळी. डाव्या हातात धुण्याचं धोपाटणं घेऊन ती भिंतीला टेकवलेली वाकळ बडवत होती आणि रडत होती.

"अहो, थकल्यात त्या," मी म्हटलं.

"बाई, तुमी तुमच्या शाळंत शिकवा. हितं माजी शाळा हाय."

कसली दुष्ट म्हातारी, असंच मला वाटलं. पण विधवा, मूलबाळ नसलेली ही बाईच जावेला न्हाऊ घालायची, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कुशीवर वळवायची, तिला भरवून मग स्वतः जेवायची. भरवतानाही तोंड चालूच: "गीळ की भवाने! जीव खाऊन रांदलंय."

जावेचे पाय चेपता चेपता तिनेच एकदा मला सगळं सांगितलं. सुंदराबाई खासबागेत मुलाकडे असायच्या. आक्का भेटायला गेली तेव्हा शिवा आईला पट्ट्याने झोडपत होता, अंथरूण ओलं केलं म्हणून. सून भाकरी थापत होती. तिने मानही वर केली नाही. आक्काने परसातल्या दगडावरचं धोपाटणं उचललं आणि त्याच्या मनगटावर घातलं. "हाड वाजलं बगा. लई ग्वाड वाजलं." दुसरा तडाखा खांद्यावर. तो विव्हळत पडला. तिने जावेला रिक्षात घातलं, धोपाटणंही बरोबर आणलं.

"पोलिसांत जायचं होतं," मी म्हटलं.

"पोलीस रोज हिची लुगडी धुवाय येनार हैत?" मग आवाज उतरला. "मी मेल्यावर त्यो येनार, बाई. लोकांच्या तोंडासाटी न्हेनार, आनि घरात न्हेऊन मारून टाकनार. त्येच्या आत हिच्या हातात जोर याय पायजे."

आक्का गेली ती भाकरी थापता थापता, काटवटीवर कोसळून. आक्काचे दिवस झाले आणि शिवा आला. मनगट वाकडंच राहिलं होतं. गल्लीसमोर केवढा गोड आवाज! "आई, चल घरी." सुंदराबाईंनी जोरजोरात मान हलवली. मी आडवी आले तर त्याने मला धक्का मारून बाहेर ढकललं आणि दार लोटून घेतलं.

"ऊठ, म्हातारे!" आतून ओरडला. मग सुंदराबाईंची किंकाळी. आणि मग धप्प.

मी खांद्याने दार उघडलं. त्याच्या मुठीत आईच्या पांढऱ्या केसांचा झुबका होता, आणि त्याच्याच नाकातोंडातून रक्त वाहत होतं. सुंदराबाईंच्या डाव्या हातातलं धोपाटणं पुन्हा वर गेलं होतं. वाकड्या तोंडाने त्या म्हणाल्या, "आनि... मार." धप्प! तो रांगतच उंबऱ्याबाहेर पडला. पुन्हा फिरकला नाही.

आक्का, काय करून ठेवलंस गं बाई! मी तिथेच बसून हमसाहमशी रडले.

आता गल्लीतल्या बायका आळीपाळीने भाकरी देतात. सकाळ माझ्याकडे. शाळेला जायच्या आधी मी वाकळ भिंतीला टेकवते आणि ओरडते, "मार गं! आणि मार!" काल समोरची नवी भाडेकरीण घाबरून धावत आली, तिची वेणीसुद्धा अर्धीच झाली होती. मी म्हटलं, "आलीसच तर पदर खोच. आता हिला न्हाऊ घालायचंय."