भरलेला की रिकामा

आमच्या सोसायटीतल्या बायका संध्याकाळी खालच्या बागेत फेऱ्या मारतात, आणि मी त्या वेळी सातव्या मजल्यावरच्या खिडकीत बसून हायवेवरचे ट्रक बघत असते. साठी ओलांडलेल्या बाईला ट्रक आवडतात, हे कोणाच्या पचनी पडत नाही. फुलझाडं आवडली असती तर चाललं असतं. शेजारीण एकदा म्हणाली, "आंटी, गुडगाव में इतनी अच्छी गाड़ियाँ हैं, आप ट्रक क्यों देखती हैं?" मी म्हटलं, त्या अच्छ्या गाड्यांत एकेक माणूस फोनवर बोलत बसलेला असतो. तुझ्या घरातला फ्रीज, सोफा, पीठ आणि भिंतीच्या विटा ट्रकनं आणल्या. तिनं विषय बदलला.

हे वेड मला एकटीला नव्हतं. आम्ही दोघं होतो, मी आणि माझा धाकटा भाऊ. बाबा केंद्र सरकारात कारकून, त्यामुळे आमचं लहानपण दिल्लीत, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेलं. सकाळच्या शाळेला आम्ही रिंग रोडच्या कडेनं चालत जायचो. शहरात ट्रकना बंदी व्हायची वेळ जवळ आलेली असायची आणि सगळे घाईनं बाहेर पळत असायचे. रस्त्याकडे पाठ करून उभं राहायचं आणि नुसत्या आवाजावरून सांगायचं, भरलेला की रिकामा, हा आमचा खेळ. रिकाम्या ट्रकच्या फळ्या आणि साखळ्या खडखडतात. भरलेला खडखडत नाही, तो खालच्या आवाजात घुमतो आणि पायाखालची जमीन जराशी हलते. मी निम्म्या वेळा चुकायचे. भाऊ चुकत नसे, आणि चुकलाच तर कबूल करत नसे.

मोठी झाल्यावर मी बाबांच्या वाटेनं गेले. परीक्षा दिली, एका मंत्रालयात लागले आणि फायलींवर शेरे मारत म्हातारी झाले. भावानं मात्र बी. कॉम. होऊन एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे नोकरी धरली आणि काही वर्षांनी घरी येऊन सांगितलं, "मी ट्रक घेतोय." बाबांनी कपाळाला हात लावला. दिल्लीतल्या आमच्या मराठी मंडळींत कोणी डॉक्टर, कोणी प्रोफेसर, बाकी सगळे बाबू. "आपल्यात कोणी ट्रक घेतो का?" एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. तेव्हा मी मध्ये पडले. हा देश फायलींवर चालत नाही, ट्रकवर चालतो, असं काहीतरी मी बाबांना तावातावानं सुनावलं. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि तशीच परत आत गेली. शेवटी बाबा कर्जाच्या कागदावर जामीन राहिले, पण पेन आपटून.

त्या ट्रकच्या कपाळावर, म्हणजे काचेच्या वरच्या पट्टीवर, भावानं पिवळ्या अक्षरांत लिहून घेतलं, 'ताई'. इकडे सगळे आपल्या मुलांची नावं लिहितात. तोही पुढे लिहू शकला असता, त्याला मुलगी झाली. पण ट्रक बदलले, सहा चाकांचे दहा चाकी झाले, कपाळावर मात्र 'ताई'च राहिली. तिकडे ताई म्हणजे थोरली काकू, त्यामुळे त्याचे हरियाणवी ड्रायव्हर समजायचे की मालकाची कोणी काकू असेल. मी ऑफिसच्या बसमधून उतरताना कधी तो ट्रक समोरून गेला तर दिवसभर हवेत असायचे. सेक्शनमध्ये कोणाला सांगायची सोय नव्हती, सगळ्यांनी नाकं मुरडली असती.

त्याचा धंदा गुडगावजवळचं मानेसर आणि पुण्याजवळचं चाकण यांच्या मधला. मोटारींचे सुटे भाग इथून तिथं न्यायचे आणि तिथले इथं आणायचे. एका दिल्लीकर मराठी माणसाचा ट्रक महाराष्ट्रात जाऊन येतो याचंही आम्हाला फार कौतुक. दर रविवारी तो माझ्याकडे यायचा आणि आम्ही पोहे खात राजकारण करायचो. आमचं राजकारण म्हणजे ट्रकचं राजकारण. राज्यांच्या सीमेवरचे करांचे नाके उठले तेव्हा आम्ही सरकारवर खूश होतो, कारण तिथं दिवसचे दिवस गाड्या तुंबायच्या. अपघात करून पळणाऱ्याला मोठी शिक्षा देणारा कायदा आला आणि ड्रायव्हर संपावर गेले, तेव्हा आम्ही सरकारवर चिडलो. ड्रायव्हर पळतो तो कायद्याला भिऊन नाही, जमावाला भिऊन पळतो, हे टीव्हीवर एकालाही बोलावंसं वाटलं नाही. नव्या ट्रकमध्ये ड्रायव्हरसाठी एसी सक्तीचा करायचं ठरलं त्यावर भाऊ कुरकुरला, डिझेल जास्त जातं म्हणून. मी त्याला म्हटलं, तू एकदा जून महिन्यात इंजिनाच्या शेजारी बसून जयपूरपर्यंत जा आणि मग बोल. निवडणुका आल्या की पुढारी ट्रकला फुलं लावून त्याचा रथ करतात आणि वर उभे राहून हात हलवतात. खाली केबिनमध्ये जो बसलेला असतो त्याच्याकडे कोणी बघत नाही. यावर मात्र आमचं एकमत होतं.

मग दहा वर्षांचा नियम त्याच्या दारात येऊन उभा राहिला. दहा वर्षं झालेली डिझेलची गाडी दिल्लीत आणि आसपासच्या या सगळ्या पट्ट्यात चालवायची नाही. नियम जुनाच होता. पण तोवर भावाकडे एकच ट्रक उरला होता आणि त्याची दहा वर्षं भरत आली होती.

इथं त्यानं जे केलं ते ट्रकवालाच करू जाणे. वर्षभर आधी त्यानं इंजिन पूर्ण उतरवून नव्यानं बांधून घेतलं. ट्रकवाल्यांच्या हिशेबात गाडीला वय नसतंच. इंजिन बांधलं, फळ्या बदलल्या, टायर चढवले, रंग दिला की गाडी नवी. जन्मभर त्यानं असंच पाहिलं होतं, त्यामुळे सरकारी माणूस येईल, इंजिनाचा आवाज ऐकेल, धूर तपासेल आणि मान हलवून जाईल अशी त्याची पक्की समजूत. त्यानं मला मुद्दाम मानेसरला नेऊन ते इंजिन सुरू करून दाखवलं होतं. खरंच सुरेख चालत होतं. मी तेव्हाच बोलायला हवं होतं असं कोणी म्हणेल, पण इंजिन नवं असलं तरी कागदावरची तारीख जुनीच, हे मी बोलले होते. त्यानं हसून उडवून लावलं.

मुदत संपत आली तसा एका रविवारी तो आला आणि पोह्यांना हात न लावता म्हणाला, "ताई, तू एक अर्ज लिही ना. त्यांची भाषा तुला येते. लिही की इंजिन नवं बांधलंय, धूर बिल्कुल नाही, वाटलं तर येऊन चेक करा."

"अरे, ते इंजिन बघतच नाहीत. गाडीच्या कागदावरची तारीख बघतात."

"तारखेला काय कळतं?"

"काही कळत नाही. पण नियमात सूट नाही. अर्ज करून उपयोग नाही."

त्यानं पोह्यांची बशी बाजूला सारली. इथंच मी थांबले असते तर बरं झालं असतं. पण आमची रविवारची सवय अशी की जे वाटतं ते बोलायचं, आणि मी जन्मभर त्याच्याशी ट्रकबद्दल खोटं बोलले नव्हते. मी म्हटलं, "आणि खरं सांगू का, नियम बरोबर आहे. एकेका गाडीचं इंजिन उघडून बघायला गेलं तर पैसे चारून सगळेच पास होतील. कुठंतरी रेघ ओढावी लागते."

टेबलावर माझा दम्याचा पंप पडलेला होता. निवृत्तीच्या आधीपासून दिवाळी झाली की माझी छाती भरते आणि होळीपर्यंत घरघरत राहते. त्यानं त्या पंपाकडे पाहिलं.

"माझ्या ट्रकमुळे होतं का तुला हे?"

"तुझ्या नाही रे. सगळ्यांच्या मिळून."

"सगळ्यांत माझा आलाच ना."

मी काहीतरी समजावायला लागले. कारखाने, शेतातला जाळ, बांधकामांची धूळ, मोटारी. तो ऐकत होता आणि मान हलवत होता, ऑफिसात एखाद्या साहेबाचं ऐकावं तसं. मग "अच्छा" म्हणाला आणि उठला. बाबांचं बोलणं संपवायचं असलं की तो असाच "अच्छा" म्हणायचा. माझ्यासाठी त्यानं तो कधी वापरला नव्हता.

ट्रक झारखंडच्या एका माणसानं घेतला. तिकडे तो अजून कित्येक वर्षं चालणार होता, म्हणजे धूर इथं नाही तर तिथं होणारच होता. या नियमातली हीच गोष्ट मला टोचते, आणि तरीही नियम चूक होता असं मला म्हणता येत नाही. गाडी द्यायच्या दिवशी मी मानेसरला गेले. त्यानं बोलावलं नव्हतं. वहिनीनं फोनवर सांगितलं म्हणून मला कळलं.

आपल्या घरातलं नाव दुसऱ्याच्या गाडीवर ठेवत नाहीत. किल्ली देण्याआधी विकणारा ते पुसून देतो, अशी ट्रकवाल्यांची पद्धत आहे. मी रिक्षातून उतरले तेव्हा पेंटर बाजूला चहा पीत बसला होता आणि भाऊ स्वतः बंपरवर चढून, हातात ब्रश घेऊन, काचेच्या वरची पट्टी काळी करत होता. त्याचे गुडघे दुखतात, त्याला नीट उभं राहता येत नव्हतं. 'ता' गेला होता, 'ई' अजून दिसत होती. मला पाहिल्यावर तो थांबला.

"तू कशाला आलीस इतक्या धुळीत?"

"पेंटरला सांगायचं की."

"पेंटरनं लिहिलं होतं. पुसायला माझा मीच बरा." मग पुन्हा ट्रककडे वळून म्हणाला, "तू बघू नकोस, ताई."

मी रस्त्याकडे तोंड करून उभी राहिले. लहानपणी उभी राहायचे तशीच, फक्त उलट्या बाजूला. पाठीमागे ब्रशचा आवाज येत होता. मला फार वाईट वाटलं. माझं मत बदलावं इतकं वाटलं, पण मत काही बदललं नाही, आणि त्याचंही वाईट वाटलं. थोड्या वेळानं इंजिन सुरू झालं आणि ट्रक माझ्या शेजारून गेला. रिकामा होता, तरी फारसा खडखडला नाही, कारण फळ्यासुद्धा त्यानं नव्या बसवून दिल्या होत्या.

पुढच्या उन्हाळ्यात दिल्लीच्या पेट्रोल पंपांवर जुन्या गाड्यांना तेल द्यायचं नाही असं ठरलं. या वेळी मोटारीही त्यात होत्या. झालं, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर नुसती आग लागली. आमची मोटार फारशी चाललेलीच नाही, इंजिन नव्यासारखं आहे, वयावर काय ठरतं, धूर तपासा. भावाचाच अर्ज जो तो नव्यानं लिहीत होता. थोड्याच दिवसांत तो हुकूम मागं घेतला गेला. ट्रकवाले हेच बोलत होते तेव्हा ते प्रदूषण होतं. मोटारवाले बोलले तेव्हा ते जनतेचं गाऱ्हाणं झालं. मला इतका संताप आला की मी लगेच भावाला फोन लावला. रविवारी बोलायला याहून चांगला विषय नव्हता.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "असेल ताई. तुला जास्त माहीत."

आता तो रविवारी येत नाही. भांडण नाही, फोन करतो, माझ्या औषधांची आठवण ठेवतो, दिल्लीत कुठं चांगली पालेभाजी दिसली तर पाठवून देतो. फक्त ट्रक हा शब्द त्याच्या तोंडून येत नाही. मानेसरला एका गोदामात तो हिशेब बघतो. म्हणजे शेवटी तोही बाबूच झाला. बाबा असते तर त्यांना समाधान वाटलं असतं.

यंदा भाऊबीजेला तो आला. दिवाळीनंतरची ती नेहमीची करडी हवा होती, समोरच्या इमारती पुसट दिसत होत्या. मी ओवाळलं, त्यानं ताटात पाकीट ठेवलं, मग आम्ही खिडकीशी चहा घेऊन बसलो. गुडघे, भाचीची नोकरी, वहिनीचं ऑपरेशन, सगळं बोलून झालं आणि बोलायला काही उरेना. तेवढ्यात खालून एक जड गाडी गेली. आवाज चांगला खोल होता, काचेला हात लावला असता तर थरथर लागली असती. माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "भरलेला की रिकामा?"

त्याचं डोकं आवाजाच्या दिशेनं वळलं. मी नक्की पाहिलं, वळलं. उत्तर त्याच्या ओठांवर आलं होतं. मग त्यानं कप खाली ठेवला, गुडघ्यावर हात टेकून उठला आणि खिडकीपाशी गेला.

"खिडकी लावतो, ताई," तो म्हणाला. "तुला धूर येतो."

त्यानं कडी नीट बसवली, पडदा ओढला आणि परत येऊन चहा प्यायला लागला.