मागच्या दगडावरचे मेव्हणे

आमच्या थोरल्या मेव्हण्यांइतका हट्टी माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात दुसरा नाही. असलाच तर तो माझा सोयरा नाही, एवढीच देवाची कृपा. परळीच्या वीज केंद्रातून मी निवृत्त झाल्यावर मेव्हण्यांसकट आम्ही चार रिकामटेकड्यांनी गावाबाहेरच्या माळावर तीन खड्डे खणून, झेंडे रोवून गोल्फ सुरू केला. पहिला चेंडू कुठून मारायचा, यासाठी दगड रंगवले. ज्याच्या दंडात जोर, त्याने मागच्या काळ्या दगडावरून मारायचं. बेताच्या ताकदवाल्याने मधल्या पांढऱ्यावरून. साठी उलटलेल्यांनी पुढच्या लाल दगडावरून. शेंबड्या पोराला कळेल असं सोपं. मेव्हण्यांना तीन वर्षांत कळलं नाही.

वय बहात्तर, उजवा खांदा कधीचा कुरकुरणारा, आणि हे उभे राहणार काळ्या दगडावर! पहिला चेंडू बाभळीत, दुसरा बाभळीत, तिसरा कुणाच्या तरी हरभऱ्यात. मग त्यांनी नि मी काटे तुडवत शोधत फिरायचं. मी लाल दगडाजवळून घसा फोडायचो, "दादा, इकडून मारा!" ते तिकडून शांतपणे म्हणायचे, "आमचं हितंच बरं हाय, दाजी." सरपंचकी जाऊन वीस वर्षं झाली, पण तोरा तसाच. माझ्या मुलीच्या लग्नात सख्खा मामा बसला कुठे, तर मांडवाच्या शेवटी, आचाऱ्याच्या कढईशेजारी. अक्षता खोळंबल्या. मी जाऊन हाताला धरून आणलं, तेव्हा पटका सावरत असे चालले, जणू लग्न त्यांचंच.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी बजावलं, जोर लावणं बंद करा, नाहीतर खेळ बंद. मला वाटलं, आता तरी शहाणे होतील. रविवारी स्वारी पुन्हा काळ्या दगडावर. पहिल्याच फटक्याला खांदा धरून खाली बसले. मी तणतणत त्यांच्यापर्यंत गेलो. तीन वर्षांत तिथवर कधी गेलोच नव्हतो, लांबूनच ओरडायचो. त्यांनी उठायला डावा हात पुढे केला. तो धरला आणि मला मांडव आठवला. तोंडातल्या शिव्या गिळल्या. "दादा, चला, पुढं चला," म्हणालो आणि हात न सोडता निघालो.

पटका सावरत आले. जरा दम खाऊन लाल दगडावरून हलकेच मारलेला चेंडू थेट झेंड्यापाशी थांबला. वर मलाच विचारतात, "एवढ्यासाठी तीन वर्सं कशाला लावली, दाजी? मानूस आपल्या पायानं पुढं जातो व्हय?"

घ्या! म्हणजे चूक माझीच.

आता दर रविवारी ते काळ्या दगडापाशी दुसरीकडेच बघत उभे असतात. मी चरफडत मागे जातो आणि हात धरतो. हल्ली तो हात फार हलका लागतो. लाल दगड आला तरी मी तो लगेच सोडत नाही.